काकूंच्या घरची फोडणी

मिसळणाच्या डब्यात चमचा एकच असतो. त्यामुळे सोमवारी नीट भरलेला डबा शनिवारपर्यंत बिघडतो. हळदीत मोहरी जाते, मोहरीत जिरं जातं, आणि तिखटाचा हात तर सगळ्यांनाच लागलेला असतो. म्हातारपणी किस्स्यांचं असंच होतं. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी गेलं, सांगता येत नाही. त्यातून मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे तपासल्याशिवाय हमी द्यायची नाही ही सवय. आणि तपासायला आता त्या पंगतीतलं कुणी उरलेलं नाही. तेव्हा जसं आठवतं तसं सांगतो. काही चुकलं तर तो माझ्या चमच्याचा दोष समजा.

पंगत भागीरथीकाकूंच्या खाणावळीतली. एकोणीसशे तीसच्या आसपासची रत्नागिरी. मी मुंबईहून एम्.एस्सी. होऊन तिथल्या एका शाळेत लागलो होतो. खालच्या आळीत काकू आम्हा काही एकट्या माणसांना जेवायला घालायच्या. काकूंना यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा विनू मुंबईला छापखान्यात नोकरीला. हे किस्से म्हटले तर काकूंच्या मसाल्यांचे आहेत, म्हटले तर विनूच्या दुखण्याचे. मला ते वेगळे काढता आलेले नाहीत.

*

काकूंचं मत ठाम होतं. घरात मिसळणाचा डबा असताना दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे समुद्रकाठी राहून शेजारी मीठ मागणं!

खाणावळीत पाटावर बसलं की आधी जीभ दाखवायची. जीभ पांढरी असली तर हिंग. तोंड कोरडं असलं तर जिरं. आवाज बसलेला वाटला तर ताकात सुंठ आणि मिरी. गुडघे धरून बसणाऱ्याला मेथी, गाल धरून बसणाऱ्याला लवंग. आमटी एकच, पण प्रत्येकाच्या वाटीवर पळीतली फोडणी वेगळी!

एकदा पुण्याहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांना मी रात्रीच्या जेवणाला घेऊन गेलो. साहेब दारातून पाहतात तो काय, शाळामास्तर, पोस्टातले गृहस्थ, कोर्टातले कारकून, सगळी शहाणीसुरती माणसं पाटांवर ओळीनं जिभा बाहेर काढून बसलेली, आणि काकू कंदील घेऊन एकेकाच्या तोंडात वाकून बघताहेत.

साहेब उंबऱ्यावरच थबकले. हळूच मला म्हणाले, "इथे जेवणाआधी श्लोक म्हणायची पद्धत नाही का?"

कोर्टातले बापट मोठे हजरजबाबी. त्यांनी जीभ आत घेतली आणि म्हणाले, "आहे ना साहेब! पण आधी इन्स्पेक्शन!"

काकू मागे न बघताच म्हणाल्या, "आणि तुम्ही हो, उंबऱ्यावर उभे राहू नका. बसा. जीभ काढा."

साहेबांनी काढली! शाळेबद्दल त्यांनी रिपोर्टात काय लिहिलं ते मी विसरलो. जाताना काकूंकडून ओव्याची पुडी मात्र मागून नेली, हे पक्कं आठवतं.

*

दसऱ्यानंतर आगबोटी सुरू झाल्या आणि एका बोटीनं विनू आला. रजा नव्हती, सण नव्हता. बापट आणि मी त्याला घ्यायला बंदरावर गेलो होतो. बोट दूर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. पडावात सगळे उभे, एकटा विनू बसलेला. भर उन्हात गळ्याशी मफलर.

"काय रे, मुंबईला बर्फ पडायला लागला की काय?" बापट ओरडले.

विनू हसला, आणि हसता हसता खोकायला लागला. तो खोकला थांबेपर्यंत बापटांनी पुढची थट्टा केली नाही. बापट थट्टा करायचे थांबले, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घरी ओटीवर काकू उभ्याच होत्या. विनूनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आम्हाला डोळा घालून भली मोठी जीभ बाहेर काढली. "सांग आई, काय घालणार? ओवा की सुंठ?"

काकूंनी जीभ पाहिली, मग चेहरा पाहिला. मग म्हणाल्या, "आधी पाय धू."

*

डॉक्टर फाटक आमच्यातलेच. काकूंच्या हातच्या आमटीवर त्यांचा जीव, आणि काकूंच्या औषधांवर त्यांचा राग. त्यांनी विनूची छाती बराच वेळ तपासली. क्षय. तेव्हा त्या दुखण्यावर औषध असं नव्हतंच. दूध, तूप, मोकळी हवा, आणि दैव.

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, "तिखट बंद. मसाले बंद. आणि मुख्य म्हणजे या घरात फोडणी बंद. त्या धुरानं खोकला उसळतो. आधीच ताकद नाही त्याच्यात."

काकू म्हणाल्या, "अहो, हळदीशिवाय छाती कशी भरून येईल?"

"पुरावा द्या."

"पुरावा कसला? माझ्या आईनं दिली, तिच्या आईनं दिली."

"आणि त्या दोघी आज कुठे आहेत?" डॉक्टर म्हणाले. म्हणून गेले खरे, पण लगेच ओशाळले. काकूंनी तेवढ्यात माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे प्रोफेसर. हे सांगतील पुरावा."

मी प्रोफेसर नव्हतो आणि मला पुरावाही ठाऊक नव्हता. तरी काकूंचा चेहरा पाहून नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत मी हळद, मिरी आणि आलं वेगवेगळ्या चंबूंत उकळत ठेवलं. यातून नक्की काय वेगळं काढायचं, हे काढायला बसेपर्यंत मला नीट ठरवता आलं नव्हतं. वास व्हरांडाभर गेला. थोड्या वेळानं अख्खा वर्ग चुळबुळायला लागला. शेवटी एक पोरगा उभा राहिला. "सर, डबा आत्ताच खाल्ला तर चालेल का?"

मी संध्याकाळी डॉक्टरांना खरं ते सांगितलं. निष्कर्ष एकच, मुलांना भूक लागली.

मला वाटलं ते हसतील. ते विनूच्या खोलीकडे बघत म्हणाले, "मला ती दोन घासांची भूक दे रे कुणीतरी. बाकीचा पुरावा मी मागत नाही."

*

काकूंच्या घरातली फोडणी बंद झाली आणि आमच्या पंगतीला अवकळा आली. रोज पांढरं वरण, मऊ भात, उकडलेला भोपळा. एकासाठी वेगळं आणि पाचांसाठी वेगळं करायचं म्हटलं तर धूर तोच. दुसरीकडे जेवायला जायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही.

बापटांनी तोड काढली. कोटाच्या खिशात तळलेली सांडगी मिरची ठेवायची आणि काकूंची पाठ वळली की एक तुकडा दातांखाली धरायचा.

तोच कोट घालून एके दिवशी ते कोर्टात बसले होते. एका म्हाताऱ्या कुळाच्या विरुद्ध निकाल लागला. निकाल वाचून होत असताना बापटांनी घाम पुसायला खिशातला रुमाल काढला आणि डोळ्यांवरून फिरवला. झालं! मिरचीचा सगळा चुरा डोळ्यांत. बापट भर कोर्टात घळाघळा रडायला लागले. साहेब चकित, वकील चकित.

संध्याकाळी तो म्हातारा बापटांना शोधत खाणावळीच्या दारात आला. हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, जमीन गेली ती गेली. पन आमच्यासाठी रडनारा येक तरी मानूस त्या कोर्टात निघाला!"

 म्हातारा गेल्यावर बापटांनी खिसा उलटा करून चुरा अंगणात झटकला. त्यानंतर त्यांनी मिरची आणली नाही.

*

मिरकरवाड्याचे इस्माईलचाचा काकूंना मसाले पुरवायचे. स्वतःचा मचवा घेऊन पार मलबारपर्यंत जाऊन आलेला माणूस. फोडणी बंद झाल्यावरही ते यायचे. विनूच्या खोलीला अंगणाकडून खिडकी होती. तिच्याबाहेर दगडावर बसून एकेक पुडी उघडायची, वास द्यायचा आणि बंदराचं नाव सांगायचं, असा त्यांचा खेळ सुरू झाला.

"आज कुठे चाललो, चाचा?" विनू खाटेवरून विचारायचा.

"आज कालिकत. नाक पुढे कर."

विनू मिरीचा वास घेऊन जोरात शिंकला. "उतरलो, चाचा! बंदरात उतरलो!"

दालचिनी, वेलदोडा, जायफळ असं करत तो किती समुद्र फिरून आला! भाट्याच्या खाडीपर्यंतसुद्धा ज्याच्यानं चालवत नव्हतं, त्यानं पडल्या पडल्या अख्खा मलबार पाहिला.

एकदा चाचा जायला निघाले तेव्हा काकू मागोमाग अंगणाच्या कवाडापर्यंत गेल्या. मी तिथेच होतो. काकूंनी विचारलं, "चाचा, तुम्ही इतके देश बघितलेत. या दुखण्यावर कुठेतरी काहीतरी मिळत असेल ना हो?"

चाचांचा धाकटा मुलगा मचव्यावरून बुडून गेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते बराच वेळ पायांतल्या वहाणा नीट करत राहिले. मग म्हणाले, "मिरी मी आणतो, काकू. आयुष्य कुठल्या बंदरात मिळतं ते ठाऊक असतं, तर एकदा तरी घेऊन आलो नसतो का?"

*

शेजारच्या गोदूआत्या मुलीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेल्या होत्या. विनूचं दुखणं त्यांच्या कानावर होतं, पण फोडणी बंद झाल्याचं त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात सुतक फिटेपर्यंत फोडणी पडत नाही, वरणात हळद पडत नाही. आणि गेलेल्याला घराबाहेर नेईपर्यंत त्या घरातच काय, शेजारीपाजारीही कुणी अन्नाला शिवत नाही. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं.

आत्या सर्व्हिस मोटारीतून उतरल्या आणि बोचकं हातात घेऊन तशाच मागच्या दारानं काकूंच्या स्वयंपाकघरात आल्या. ऐन जेवणाची वेळ. चुलीवर मोहरीचा आवाज नाही. पातेल्यात पांढरंफेक वरण. काकूंचा चेहरा उतरलेला. पंगतीला आम्ही खाली माना घालून भोपळा गिळत होतो.

आत्यांच्या हातातलं बोचकं गळून पडलं. त्यांनी काकूंना मिठीच मारली. "अगो भागीरथी! कसं झालं गो हे! मला कळवलंसुद्धा नाहीस! अगो, एवढासा होता गो माझा विनू, माझ्या मांडीवर खेळलेला! कसा गेला गो!"

काकूंच्या हातात पळी तशीच राहिली. 

इतक्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "गोदूआत्या, अजून आहे हो मी! जरा हळू रडा, मला खोकला येतो!"

आत्यांनी जी किंकाळी फोडली ती बंदरापर्यंत गेली असेल. मग आत्या हसायला लागल्या, आम्ही हसलो, आत विनू हसला, आणि तो इतका हसला की शेवटी डॉक्टरांना बोलवावं लागलं. आत्या त्याच्या उशाशी बसून बोटं मोडत होत्या. "शंभर वर्षं जगशील मेल्या! जिवंतपणी रडलं की आयुष्य वाढतं!"

काकू तेवढ्या हसल्या नव्हत्या. डॉक्टर निघाले तसं त्यांनी त्यांना अडवलं. "डॉक्टर, उद्यापासून माझ्या घरात फोडणी पडणार."

"काकू, अहो धुरानं तो खोकेल."

"खोकू दे. खोकला की आहे म्हणून कळेल तरी लोकांना!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्रर्र आवाज झाला. हिंगाचा वास आळीभर सुटला. विनू खोकला, शिंकला, आणि आतून म्हणाला, "आई, कुळथाचं पिठलं का गो? मला दे थोडं."

तेव्हापासून तो जेवायला लागला. भात, त्यावर मेतकूट, हळद घातलेलं वरण, आमसुलाचं सार. शिमग्याच्या पालख्या निघाल्या तेव्हा तो ओटीवर येऊन बसला होता. रस्त्यावरून जाणारे येणारे फोडणीचा वास आला की ओळखायचे आणि दारातूनच हाक मारायचे, "काय विनायकराव, बरे ना?"

काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "बघितलात हळदीचा गुण?"

डॉक्टर म्हणाले, "हळदीचा नव्हे, भुकेचा."

"आणि भूक कशानं लागली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं झाली, मी अजून उत्तर शोधतोच आहे. मसाल्यांत गुण असतो का? असावा. पुरेसा असतो का?

शिमगा सरला आणि विनूला पुन्हा ताप यायला लागला.

*

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही. सांगितला की ऐकणारे कारण विचारतात, आणि मी निरनिराळ्या वेळी निरनिराळं कारण सांगतो.

चैत्रातली सकाळ. शाळेत वार्षिक परीक्षा होती, म्हणून आम्ही लवकर जेवायला गेलो. आदल्या दिवशी विनूला रक्ताची उलटी झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणाच्या कवाडातून आत आलो आणि पाय पुढे पडेनात. बापट, मी, पोस्टातले गृहस्थ, सगळे अंगणात उभे. विनूच्या खोलीची खिडकी लावलेली होती. डॉक्टरही तपासायला आले होते, तेही आमच्याशेजारी उभे राहिले. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

आणि आतून आवाज आला. चर्रर्र! मोहरी तडतडली. हिंगाचा वास आला, मग कढीपत्त्याचा.

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "फोडणी पडली," ते म्हणाले. "म्हणजे रात्र बरी गेली." बापटांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या दोघांना मी इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर विनूच्या खोलीकडे वळले, तर काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आधी जेवून घ्या, डॉक्टर. तो कुठे पळून जात नाही."

"तपासून मग बसतो की."

"आधी जेवा."

डॉक्टर बसले. काकूंनी गरम भात वाढला, त्यावर तूप, त्यावर आमसूल-गुळाची आमटी, हळदीनं पिवळीधमक. बऱ्याच दिवसांनी काकूंच्या हाताला जुनी चव आली होती. आम्ही ओरपत होतो. बापटांनी काहीतरी विनोद केला आणि सगळे मोठ्यानं हसलो. काकू पुन्हा पुन्हा वाढत होत्या. "घ्या हो. मास्तर, आणखी घ्या. परीक्षा आहे ना तुमची? पोटाला आधार पाहिजे."

डॉक्टर तिसऱ्यांदा आमटी घेत म्हणाले, "काकू, ही वाटीभर विनूलाही द्या. मी परवानगी देतो."

"त्याच्यासाठी नाही केली," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी केली."

त्यांनी पातेलं कलतं करून शेवटचा थेंब वाढला. मग ताकभात वाढला. आम्ही हात धुऊन, चूळ भरून परत आलो तोवर त्यांनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं होतं. धूर वर चढत होता. पदराला हात पुसत त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोटभर झालं ना सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं. "ऊन चढेल. वाट लांब आहे. आता चौघं जण आत या."